गळलेली ओळ

३ नोव्हेंबर, सोमवार

सरकारला 'ज्येष्ठ' लिहिता येत नाही. आज आलेल्या पत्रात तीन ठिकाणी 'जेष्ठ' आहे, आणि चौथ्या ठिकाणी बरोबर आहे ते बहुधा चुकून. लाल पेनाने तिन्ही दुरुस्त केले. पत्र मलाच आलेलं, त्यामुळे दुरुस्ती बघणाराही मीच.

पत्र ज्येष्ठ नागरिक आरोग्य विम्याचं आहे. सोबत चौसष्ट पानांची पुस्तिका, 'मान्य औषधांची यादी'. मी समजलो ते असं: इस्पितळाचा भाग आपोआप चालू राहतो, औषधांचा भाग मात्र दर वर्षी आपण निवडायचा. तीन योजना आहेत, मुदत तीस नोव्हेंबर. कुठलीही योजना घ्या, औषध यादीत असेल तरच विमा त्याचे पैसे भरणार. आणि माझे डोळ्यांच्या दाबासाठी घालायचे थेंब एक डिसेंबरपासून 'या नावाने' यादीत नाहीत.

असली पत्रं ही बघायची. मी छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली, पण घरातलं एक सरकारी पत्र कधी शेवटपर्यंत वाचलं नाही. ही मोठ्याने वाचायची आणि मी 'हं' म्हणायचो. तिला जाऊन दीड वर्ष होईल. गेल्या वर्षी मुलगी आली होती, तिनेच कुठेतरी खूण करून टाकली. यंदा म्हटलं आपण करू. सांगायला कोणी नाही म्हणून या वहीत लिहितो आहे. वहीला 'हं' म्हणता येत नाही एवढीच अडचण.

आजच्या पेपरात चुका: चौदा. ही असताना दोघं मिळून पंचवीसच्या खाली कधी आलो नव्हतो.

५ नोव्हेंबर, बुधवार

औषधवाल्याकडे गेलो. चष्मा कपाळावर ठेवून बोलणारा माणूस, पण बोलतो सरळ.

"काका, कंपनीचं नाव गेलंय यादीतून. औषध गेलं असेलच असं नाही. बाटलीवर खाली बारीक अक्षरात मूळ नाव असतं बघा. ते यादीत शोधा. सापडलं की झालं, मी तेच औषध दुसऱ्या कंपनीचं देतो."

"तुमच्या मशीनवर दिसत नाही?"

"नवी यादी एक तारखेला चढेल. तोवर तुमच्याकडे पुस्तक आहे ना."

पदरचे पैसे भरून बाटली घ्यायची तर काय पडेल ते विचारलं. नाकापेक्षा मोती जड. पेन्शनच्या तिसऱ्या हिश्श्याचे थेंब दर महिन्याला डोळ्यात घालायचे तर बाकीच्या शरीराने काय करायचं?

घरी येऊन मूळ नाव वाचलं. 'ट'ने सुरू होतं. पुढे जोडाक्षरांची मालगाडी. शिशाच्या अक्षरांचे खिळे हाताने जुळवण्याच्या काळात असलं नाव आलं की जुळारी रजेवर जायचा.

९ नोव्हेंबर, रविवार

यादी तीनदा वाचली. औषध नाही.

वाचली म्हणजे नीट वाचली. बारीक टाइपासाठी माझी पद्धत ठरलेली आहे. उजवा डोळा मिटायचा, डाव्याला भिंग लावायचं आणि एकेक ओळ उतरत जायचं. उजवा डोळा लहानपणापासून आळशी. डावा कामाचा. चाळीस वर्षं डाव्याने नाव राखलं. छापखान्याचे मालक पाहुण्यांना सांगायचे, यांचा डावा डोळा म्हणजे आमची अब्रू.

'ट'खाली सतरा नोंदी आहेत. आठवी आणि नववी यांच्यामध्ये अक्षरांचा क्रम उडी मारतो. आपलं नाव नेमकं त्या दोघांच्या मध्ये यायला हवं. हे लक्षात आलं आणि मी खुर्चीत ताठ झालो. यादीत ओळ गळली आहे. छापताना एक ओळ गळणं हे या धंद्यातलं सगळ्यात जुनं पाप. चुकीचं अक्षर डोळ्याला टोचतं, पण जी ओळ नाहीच ती कोणाला टोचणार? हजारो प्रती छापून वाटल्या आणि एकाच्याही लक्षात आलं नाही.

खरं तर मुद्रित एकट्याने तपासू नये, हा पहिला नियम. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापील कागदावर डोळा ठेवायचा. ही माझी वाचक होती, आधी छापखान्यात आणि मग घरात. स्वल्पविरामसुद्धा उच्चारायची. लग्न ठरवताना तिच्या वडिलांनी विचारलं, मुलगा बोलतो का? ती म्हणाली, बोलत नाही, पण ऐकतो. आता यादीच तर आहे. यादीला दुसरं माणूस कशाला?

अकरा वाजता मुलीचा फोन. ओळीचं सांगितलं. "बाबा, त्या पानाचा फोटो काढून पाठवा, मी बघते."

"चाळीस वर्षं मी काय केलं माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे. तरी पाठवा."

"तुला तुझं काय कमी आहे? राहू दे." ती बरं म्हणाली. थेंब घालताय ना विचारलं, मी हो म्हणालो. हल्ली माझे मीच घालतो. अर्धे गालावरून कॉलरमध्ये जातात, पण अर्धे तर डोळ्यात जातात.

१७ नोव्हेंबर, सोमवार

विमा कार्यालयाला पत्र लिहिलं, दोन पानी. पुस्तिकेच्या त्या पानाची नक्कल काढली, आठवी आणि नववी नोंद यांच्यामध्ये लाल काकपद, म्हणजे सुटलेलं घालायची खूण, टाकलं आणि समासात लिहिलं, 'ओळ गळली आहे. मूळ प्रतीशी ताडून पाहावी.' रजिस्टरने पाठवलं. पाठवून परत येताना पाय हलके वाटत होते. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा कोणाला तरी माझी गरज पडली आहे, मग त्या कोणाला अजून ठाऊक का नसेना.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मदत क्रमांकावर फोन केला. आधी एक बाई बोलते, ती यंत्र असते. मग बराच वेळ बासरी. बासरीनंतर खरी बाई आली. आवाज दमलेला, पण चांगल्या घरचा.

"सर, औषधाचं मूळ नाव सांगा, मी यादीत बघते."

मी म्हणालो, "यादीत बघून उपयोग नाही. यादीत ओळ गळली आहे."

"सर, नाव तर सांगा."

मी तिला आठवी नोंद, नववी नोंद आणि क्रमाची उडी समजावून सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, तुम्हाला औषध हवंय की तक्रार नोंदवायचीय? दोन्हीचे विभाग वेगळे आहेत."

मी म्हणालो, "तक्रार."

तिने अकरा आकडी क्रमांक दिला. फोन ठेवताना 'काळजी घ्या सर' म्हणाली. तसं सगळ्यांनाच म्हणत असणार. तरी बरं वाटलं. दिवसभरात माझ्याशी बोललेली ती एकटीच, बासरी सोडली तर.

२ डिसेंबर, मंगळवार

योजना निवडून झाली, मधली. तीनच असल्या की माणूस मधली घेतो, त्यात अक्कल लागत नाही.

उत्तर नाही. फ्रीजमध्ये एक भरलेली बाटली आणि एक अर्धी आहे. उत्तर येईपर्यंत पुरवायला हवी. खूप विचार करून ठरवलं: आजपासून थेंब फक्त उजव्या डोळ्यात. घरात एक पोर अशक्त आणि एक धडधाकट असेल तर दूध कोणाला देतात? डावा माझा कमावता डोळा आहे. तो थोडे दिवस उपाशी राहिला तर काही बिघडत नाही. डॉक्टर नाही म्हणतील, पण डॉक्टरांना माझा फ्रीज दिसतो कुठे?

थेंब घालताना ही म्हणायची, "मान वर. छताकडे बघा. माझ्याकडे नाही, छताकडे." आज एकच डोळा असल्याने काम अर्ध्या वेळात झालं. उरलेल्या वेळात काय करायचं ते सुचलं नाही.

७ डिसेंबर, रविवार

मुलीचा फोन. तिच्या कार्यालयात माणसं कमी केली आहेत, तिच्यावर दोघांचं काम आहे. मी म्हणालो, दर रविवारी फोन केलाच पाहिजे असं नाही. तिने विषय बदलला. मग म्हणाली, "थेंब?" "चालू आहेत," म्हणालो. शब्दशः खोटं नव्हतं.

पेपरात चुका: नऊ. काहीतरी चांगलं घडतं आहे त्या पेपरात.

१९ डिसेंबर, शुक्रवार

समोरच्या दारातले निवृत्त ड्रायव्हर माझ्यावर रुसले आहेत. आज जिन्यात म्हणाले, "काय राव, परवा कोपऱ्यावर हात केला, ओळख पण दाखवली नाहीत. मी काय उसने मागायला आलो होतो?" मी परवा कोपऱ्यावर त्यांना पाहिलंच नाही. असं सांगितलं तर म्हणाले, तीन हातांवरून गेलात. म्हातारपणी माणसं उगाच खोटा मान धरून बसतात. बस चालवायचे तेव्हा शेकडो लोकांना न बघता पुढे जायचे, तेव्हा कोणी रुसलं होतं का?

सकाळी चहाचा कप फुटला. टेबलाच्या कडेला ठेवलेला होता, हात लागून पडला. दोनाच्या सेटमधला होता. दुसरा आता फडताळात मागे सरकवून ठेवला आहे.

पेपरात चुका: पाच. राहवलं नाही. संपादकांना अभिनंदनाचं पत्र टाकलं. लिहिलं की, आपल्याकडे नवा मुद्रितशोधक आलेला दिसतो, त्याचा हात चांगला आहे, त्याला टिकवून ठेवा. चांगलं काम केलेल्या माणसाला कोणी सांगत नाही. मला कधी कोणी सांगितलं नव्हतं, मालक सोडून.

४ जानेवारी, रविवार

मुलगी सुट्टीत येणार होती. येत नाही. "बाबा, पुढच्या महिन्यात नक्की," म्हणाली. मी म्हणालो कशाला धावपळ, मी मजेत आहे. फोन ठेवल्यावर मजेत असलेला माणूस दुपारपर्यंत त्याच खुर्चीत बसून होता.

डोळ्याच्या डॉक्टरांच्या मदतनीस बाईंचा फोन शुक्रवारी येऊन गेला होता. दीड वर्ष तपासणी नाही, चिठ्ठी आता फोनवर वाढवून मिळणार नाही, तारीख घ्या. म्हटलं, आधी औषधाचा निकाल लागू दे. औषधच नाही तर तपासून काय करायचं? त्या म्हणाल्या, तसं नसतं काका. मी म्हणालो, कळवतो.

पेपरात चुका: दोन. वाचायला वेळ मात्र जास्त लागतो हल्ली. कागदही हलका वापरतात, छपाई फिकी. चुका नसलेला पेपर वाचण्यात काही मजा नाही, हे आज स्वतःशी कबूल केलं. त्या चुका काढताना ही समोर असल्यासारखी वाटायची. एक सापडली की मी अजूनही मान वर करून बघतो.

१३ जानेवारी, मंगळवार

जिन्याची शेवटची पायरी चुकली. पडलो नाही, कठड्याला लोंबकळलो. दिवा मंद आहे, कोणी बदलत नाही. ड्रायव्हरांनी धरून वर आणलं. रुसवा विसरले बिचारे. पाणी दिलं आणि म्हणाले, "दिवा ठीक आहे हो. मी तर रोज उतरतो." स्वतःची नजर चांगली असल्याची बढाई मारायची ही वेळ होती का?

२२ जानेवारी, गुरुवार

औषधवाल्याने रस्त्यातच हटकलं. "काका, दोन महिने झाले, थेंब न्यायला आला नाहीत?"

"यादीत नाही ते."

"असं कसं? थांबा, आत या, मशीनवर एक मिनिटात बघतो."

दुकानात पाचसहा माणसं होती. सगळ्यांसमोर त्याच्या मशीनने माझं वाचन तपासायचं, हे मला काही पटलं नाही. म्हणालो, "मी स्वतः तीनदा वाचली आहे." तो खांदे उडवून आत गेला. उत्तर आलं की त्याला दाखवीन.

आता उजव्या डोळ्यातही एक दिवसाआड. दुसरी बाटली तळाला लागली आहे.

३० जानेवारी, शुक्रवार

पेपरकडून पत्र आलं. संपादकांच्या सहायकाने लिहिलं आहे, अक्षर सुंदर.

'आपल्या पत्राने आम्ही संकोचलो. आमच्याकडे गेली तीन वर्षं मुद्रितशोधक नाही, काम संगणक करतो. आपण १९ डिसेंबरच्या अंकाचं कौतुक केलं आहे. त्या अंकातल्या चुकांबद्दल आम्हाला वाचकांची सहा पत्रं आली. आपण उपरोधाने लिहिलं असल्यास आम्ही तो नम्रपणे स्वीकारतो.'

१९ डिसेंबरचा अंक रद्दीतून काढला. भिंग घेतलं. मला पाचच दिसतात. त्या सहा जणांना शुद्धलेखन येत नसेल. हल्ली कोणीही उठतो आणि संपादकांना पत्र लिहितो.

तरी आज जेवण गेलं नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

विमा कार्यालयाचं उत्तर. ऐंशीहून जास्त दिवसांनी, चार ओळी.

'आपल्या तक्रारीची छाननी केली. पुस्तिकेत ट या अक्षराखाली एकूण अठरा नोंदी आहेत. आपण नमूद केलेले औषध पान ४६, डावा रकाना, नववी ओळ येथे मूळ नावाने समाविष्ट असून दुसऱ्या श्रेणीत विम्यास पात्र आहे. पूर्वपरवानगीची आवश्यकता नाही. तक्रार निकाली.'

चोराच्या उलट्या बोंबा. गुपचूप ओळ घालून नवी आवृत्ती छापली असणार आणि आता म्हणतात, होतीच. माझी प्रत पुन्हा काढली. पान ४६. डावा डोळा, भिंग. सतरा. पुन्हा मोजल्या. सतरा. मंगळवारी स्वतः जाणार, माझी प्रत घेऊन. पुरावा माझ्या हातात आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

जे झालं ते झालं तसं लिहितो.

कार्यालय दुसऱ्या मजल्यावर. बाकांवर सगळे माझ्याच वयाचे, प्रत्येकाच्या मांडीवर तीच पुस्तिका. एक बाई नवऱ्याला कुठलीशी ओळ वाचून दाखवत होती आणि तो दुसरीकडे बघत होता. मला त्याला सांगावंसं वाटलं की बघ रे तिच्याकडे. माझा नंबर लागला. खिडकीवर पन्नाशीची बाई, दंडाला पट्टा बांधलेला, बोलताना समोरच्या माणसाकडे बघणारी. मी माझी प्रत पुढे केली आणि म्हणालो, "ही जुनी आवृत्ती. हिच्यात ओळ गळली आहे."

तिने पान ४६ उघडलं. बोट फिरवलं. थांबली.

"काका, ही काय. नववी ओळ."

"कुठे?"

"माझ्या बोटाखाली बघा. काखेत कळसा नि गावाला वळसा." ती हसली. मनात वाईट काही नव्हतं.

मी सवयीने उजवा डोळा मिटला, डाव्याला भिंग लावलं आणि तिच्या नखाकडे बघितलं. नख दिसलं. नखाखाली कागद होता. कागदावर काही नव्हतं. पांढराही नव्हता तो, नुसता धुरकट.

"नाही इथे," मी म्हणालो.

ती हसायची थांबली. "काका, भिंग ठेवा जरा खाली. दोन्ही डोळे उघडून बघा."

उघडले. ओळ होती. बाटलीवरचं नाव, अक्षर न् अक्षर, सगळी जोडाक्षरं. पुढे 'श्रेणी दोन'. शाई तितकीच काळी, आठवीइतकी आणि दहावीइतकी. माझ्याच प्रतीत. नोव्हेंबरपासून माझ्या टेबलावर.

उजवा मिटला. ओळ गेली. उघडला. आली. असं मी किती वेळा केलं मोजलं नाही. मागच्या माणसाने काहीतरी म्हटलं, तर तिने त्याला हाताने थांबवलं. ती काचेमागून उठून बाहेर आली, माझ्या शेजारच्या बाकावर बसली आणि हळू विचारलं, "सोबत कोणी आहे का?"

"नाही," म्हणालो.

"घरी?"

मी पुस्तिका मिटून पिशवीत घातली. तिनेच डॉक्टरांचा नंबर विचारला आणि तिथल्या तिथे फोन लावला. गुरुवारची वेळ मिळाली.

घरी येताना औषधवाल्याकडून बाटली घेतली. त्याने मशीनवर नाव टाकलं, एक मिनिटसुद्धा लागलं नाही. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

अंधाऱ्या खोलीत वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी ठेवून बसलो. ठिपका दिसला की बटण दाबायचं. उजव्या डोळ्याला बटण भराभर वाजत होतं. डाव्याला खोली इतकी शांत होती की मला वाटलं यंत्र बंद पडलं. मी डॉक्टरांना तसं म्हणालोही. त्या म्हणाल्या, चालू आहे.

डॉक्टर मुलीच्या वयाच्या असतील. चित्र समोर ठेवलं. डाव्याच्या मधोमध काळा डाग, खाली पसरलेला.

"हे परत येत नाही," त्या म्हणाल्या. "दाबाने शीर वाळते ती वाळते. उजवा वाचलाय, तो आपण सांभाळू."

"हे या दोन महिन्यांत झालं?"

"सगळं नाही. थोडी जागा आधीच गेलेली असणार. माणसाला कळत नाही, डोळा रिकामी जागा आपल्या मनाने भरून टाकतो. या दोन महिन्यांत वाढलं, खूप वाढलं." मग त्यांनी विचारलं, "थेंब कोण घालतं तुम्हाला?"

"ही घालायची."

"आणि नंतर?"

"मी."

"डोळ्यात जायचे?"

अर्धे, असं म्हणायचं होतं. हिशेब जुळवायची सवय. पण कॉलर आठवली आणि म्हणालो, "नाही. नसणार."

त्या काही लिहीत होत्या, लिहायच्या थांबल्या. स्वतः उठल्या, म्हणाल्या, मान वर करा. दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. दीड वर्षानंतर दुसऱ्या कोणाचा हात माझ्या कपाळावर होता. मला रडू आलं. त्यांनी विचारलं, झोंबतंय का? मी म्हणालो हो.

अशक्त म्हणून ज्याला दूध पाजलं तो राहिला, आणि ज्याच्या जिवावर चाळीस वर्षं मान ताठ ठेवली त्याला मी माझ्या हाताने उपाशी मारलं. औषध यादीत होतं. पहिल्या दिवसापासून होतं. आम्ही बघतो, असं तिघांनी सांगितलं. मी तक्रार नोंदवली.

१५ फेब्रुवारी, रविवार

फोन अकराला येतो. मी साडेदहापासून शेजारी बसून होतो. मुलीला सांगायचं नाही असं काल ठरवलं होतं. सकाळी उजव्याने पेपर वाचायला घेतला, अक्षरं हळूहळू जमतात, आणि दुसऱ्या पानापर्यंत चुका मोजायच्याच विसरलो.

"बाबा, थेंब घालताय ना?"

दर रविवारी ती हे विचारते, दर रविवारी मी हो म्हणतो.

"सत्तर दिवस डाव्या डोळ्यात घातले नाहीत," मी म्हणालो.

"का?"

"यादीत नाही असं वाटलं. यादीत होतं. मला दिसलं नाही."

मग सगळं सांगितलं. खिडकीवरची बाई, तिचं नख, यंत्रातली शांतता. संपलं तेव्हा ती म्हणाली, "किती दिसतं आता?"

"उजव्याने दिसतं. डाव्याने कडा दिसतात, मधलं नाही. समोर उभं असलेलं माणूस तेवढं जातं."

"मी दर रविवारी विचारत होते, बाबा."

"हो."

"फोटो मागितला होता."

"हो."

"मग खोटं का बोललात माझ्याशी?" आवाज चढला नव्हता तिचा. आईसारखा खाली गेला होता.

"तू येशील आणि मला इथून घेऊन जाशील, म्हणून," मी म्हणालो. हे उत्तर माझ्यापाशी तयार होतं. पण त्याच्या पाठोपाठ दुसरं आलं, तेही मी बोलून गेलो.

"आणि सांगूनही तू आली नाहीस तर, म्हणून."

हे बोलेपर्यंत मला ते माहीत नव्हतं. ती रडू लागली. फोन मात्र दोघांपैकी कोणीच ठेवला नाही.